पोकळ नळीचा हिशेब

मॅक्रो फोटोग्राफी म्हटलं की महागड्या लेन्सचं नाव निघतं आणि हौशी माणूस तिथेच गार पडतो. मला ही भीती फाजील वाटते. लेन्स सेन्सरपासून जरा पुढे सरकवली की तिला अधिक जवळचं दिसू लागतं. एक्स्टेन्शन ट्यूब एवढंच करते. तिच्यात काच नसते, नुसती पोकळी, म्हणून ती स्वस्त. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे तेवढ्याच लांबीची नळी लावली, की वस्तू सेन्सरवर जवळपास आहे त्याच मापाची उमटते. मृगाच्या किड्याची मखमल मग केस न् केस सुटी दिसते. रिव्हर्स रिंगने लेन्स उलटी बसवणं त्याहून स्वस्त; मात्र त्यासाठी ॲपर्चरची कडी हाताने फिरणारी जुनी लेन्सच बरी.

जाणकार म्हणतील, प्रकाश घटतो, फोकस केसाएवढा उरतो, कडा मऊ पडतात. प्रकाश घटतो खरा, १:१ला सुमारे दोन स्टॉप. पण खास मॅक्रो लेन्समध्येही तो कमीअधिक घटतोच. आणि फुल फ्रेमवर एफ/८ला जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, तो नियम किंमत बघत नाही. कडांचा आक्षेप टपाल तिकिटांसारख्या सपाट वस्तूंना लागू. किड्यामागचं पान तसंही धूसरच येतं. खरी अडचण अंतराची. लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की तिची सावलीच किड्यावर पडते. म्हणून पैसे खर्चायचेच तर आधी फ्लॅशवर खर्चावेत, पुढे ट्रेसिंग पेपर लावून. फुलपाखरांचाच नाद असेल तर मात्र १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्ससाठी पैसे साठवणं आलं.