चित्र क्रमांक 61

माझ्या प्रबंधातलं चित्र क्रमांक 61 मी सोळा वर्षं प्रत्येक व्याख्यानात दाखवत आलो. टायटॅनियमचा दोन मायक्रॉन व्यासाचा पिलर, आणि वरच्या तिसऱ्या हिश्शात एकच स्वच्छ पायरी. सुरीने कापून वरचा तुकडा अलगद बाजूला सरकवावा तशी. खाली मी लिहिलं होतं : बेसल स्लिप, म्हणजे स्फटिक त्याच्या बेसल पातळीवर सरकला.

जूनमध्ये माझी विद्यार्थिनी ते चित्र छापून घेऊन आली. त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. "सर, ग्रेनचं ओरिएंटेशन तुमच्या परिशिष्टात दिलंय. त्यावरून बेसलची रेघ इथे यायला हवी. टिल्ट धरूनही सात अंशांचा फरक पडतोय."

"पुन्हा मोज," मी म्हणालो.

"तीनदा मोजलंय, सर."

त्या रात्री मी जुनी हार्ड डिस्क शोधली आणि त्या पिलरचा लोडचा आलेख उघडला. थेट त्याच्या पायथ्याशी गेलो. सुरुवातीचा चढ जिथे ताठ हवा, तिथे तो लोळलेला होता. पिलर दाबणारा हिऱ्याचा पंच सपाट टेकलाच नव्हता. आधी कड टेकली, पिलर वाकला, आणि वाकता वाकता भलत्याच पातळीवर सरकला. धातू काय म्हणतो ते मी ऐकलंच नव्हतं. माझा कललेला पंच काय म्हणाला, ते मी धातूच्या नावावर लिहून ठेवलं.

या कामात मला आयुष्यभर छळलं ते पंचाच्या कलाच्या एका अंशाने. गॅलियमच्या आयन बीमने पिलर कोरणं जमतं, गॅलियमने बिघडलेला पृष्ठभाग हिशेबात धरता येतो, निमुळतेपणाही धरता येतो. पण पंच आणि पिलरचा माथा समांतर आहेत का, हे दाबण्याआधी डोळ्यांना दिसत नाही. मऊ ॲल्युमिनियमवर पंच दाबून मी ठसा बघायचो. एक बाजू खोल दिसली की कल त्या बाजूला. तो दुरुस्त केला, की सिल्व्हर पेंट वाळताना सॅम्पल पुन्हा एकीकडे बसायचं. दहा मिलिमीटरच्या तुकड्याला मागून साधारण 0.17 मिलिमीटर उतार राहिला, तरी एक अंश गेला.

आणि ती मागची बाजू मी हाताने घासत असे. मशीन शेजारीच होतं. माझ्या बोटांना पातळी कळते, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि मला ते खरं वाटायचं. अकरा पिलरपैकी चित्र 61मधला हाच मी मुखचित्रासारखा मिरवला, कारण तो सुंदर होता. बाकीच्यांवर दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या होत्या. ते परिशिष्टात गेले.

2004 साली मायकेल उचिक आणि सहकाऱ्यांचा निकेलच्या पिलरवरचा निबंध 'सायन्स'मध्ये आला आणि आमची सगळी पिढी 'जितकं लहान तितकं मजबूत' याच्या मागे धावली. आज काही प्रयोगशाळा शेकडो पिलर आपोआप दाबतात आणि नुसते आलेख छापतात. प्रत्येक पिलरचा आधीचा आणि नंतरचा फोटो देत नाहीत. मला हे मान्य नाही. फोटो होता, परिशिष्टात कोन होते, म्हणून माझी चूक सापडली तरी.

पिलर दाबून मिळणारा ताणाचा आकडा कुणाला लागतो, असं विचारणारे भेटतात. 30 सप्टेंबर 2017 रोजी पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-380 विमानाच्या एका इंजिनाचा फॅन हब ग्रीनलंडवर तुटला. 500 हून अधिक माणसं आत होती. विमान कॅनडात गूज बे इथे सुखरूप उतरलं. हबचा तुकडा 2019 मध्ये बर्फाखालून काढला. टायटॅनियमच्या त्या मिश्रधातूत एकाच दिशेने झुकलेल्या ग्रेनच्या पट्ट्यात, पृष्ठभागाखाली, तडा सुरू झाला होता. भार धरून ठेवला की मऊ ग्रेन हळूहळू सरकतो आणि आपलं ओझं शेजारच्या कठीण ग्रेनवर टाकतो. हे किती भरवशाने आधी सांगता येईल, ते बेसल पातळी नेमक्या किती ताणाला सरकते त्यावर बरंच अवलंबून आहे. तोच आकडा मी चुकीच्या पिलरवरून दिला होता.

आता माझ्या उजव्या हाताचा अंगठा दुखतो, चिमटा थरथरतो. सॅम्पल माझी विद्यार्थिनीच चिकटवते, मागची बाजू मशीनवर घासून, चारही कोपऱ्यांना मायक्रोमीटर लावून. माझा जुना तुकडा डेसिकेटरमध्ये अजून होता. त्याच ग्रेनमध्ये तिने नवे पिलर कोरले आहेत.

जर्नलला दुरुस्तीचं पत्र मागच्या आठवड्यात गेलं. त्यावर पहिलं नाव तिचं आहे.