वाळूवरचं आसन

हठप्रदीपिका लिहिणाऱ्या स्वात्मारामांनी साधकासाठी सांगितलेली जागा उघड्यावरची नाही. पंधराव्या शतकातल्या या ग्रंथात एका लहानशा मठीचं वर्णन आहे. दार बुटकं, खिडकी-झरोका नाही, जमीन कुठे उंच-सखल नाही, शेणाने नीट सारवलेली, किडा-मुंगीचा वावर नसलेली. शिवाय बसण्याच्या जागेपासून धनुष्यभर अंतरात, म्हणजे चार हातांत, दगड, विस्तव आणि पाणी नको. पुण्यात अय्यंगार परंपरेत शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या मला ही मठी चांगलीच ओळखीची वाटते. आमची फरशी सपाट असते. दोर, लाकडी ठोकळे, लोड, पट्टे, घड्या घातलेली ब्लँकेटं हाताशी असतात आणि भिंत तर आमची निम्मी शिक्षिका. टाच भिंतीला लावली की पाय कुठे वळतोय ते शब्दाशिवाय कळतं.

ज्ञानोबांची जागा मात्र वेगळी आहे. १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासासाठी कुठे बसावं याचं जे वर्णन येतं, ते वाचताना आपणच त्या झाडांखाली पोचतो. एकदा बसलं की उठावंसं वाटू नये अशी ती जागा. झाडं दाट आणि मुळापासून गोड, पावलोपावली निर्मळ पाणी, ऊन अगदी कोवळं, वारा मंद. श्वापदांची वर्दळ नको, पोपट आणि भुंगेही नकोत, कारण ते गोंगाट करतात. पाण्याजवळ हंस, दोन-चार सारस असले तर असू देत. मोर अधूनमधून आले-गेले तरी हरकत नाही. गीतेत जागेबद्दल मोजकंच आहे: ती शुद्ध असावी, आसन फार उंच नको, फार खाली नको. बाकीचं सगळं ज्ञानोबांनी दिलं आणि हे देताना किती बारीक निवड केली! सुंदर ते सगळं त्यांनी आत घेतलेलं नाही. मनाला ओढून नेईल ते बाहेर ठेवलं, मन शांत करील ते आत घेतलं.

प्रवासात मैदानावरचे, समुद्रकाठचे, डोंगरातले योगवर्ग मी आवर्जून करते आणि शिक्षकाला याच कसोटीवर पाहते. जागा निवडली कशासाठी? डोळ्यांसाठी की आसनासाठी?

ऋषिकेशला मार्चमधल्या एका सकाळी मला या प्रश्नाचं फार सुरेख उत्तर मिळालं. वर्ग गंगेच्या पूर्वेच्या काठावर, स्वर्गाश्रमाच्या बाजूच्या वाळूत होता. पावसाळ्यात ही वाळू पाण्याखाली जाते. पाणी उतरलं की काठाकाठाने पांढरे पट्टे उघडे पडतात, मध्येमध्ये गुळगुळीत गोटे. या काठाच्या मागे मणिकूट पर्वत आहे, त्यामुळे सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी वाळू सावलीत असते. समोरच्या मुनी की रेतीच्या बाजूला घरांच्या भिंती आधी उजळतात. रात्रभर गार झालेली डोंगरावरची हवा दरीतून खाली सरकत असते, तिचा झोत पहाटे चांगलाच बोचतो. ऊन तापायला लागलं की तो पडतो.

शिकवणारी मुलगी पौडी गढवालची, तिशीच्या आतली. आम्ही दहा-बारा जण. काही परदेशी, एक दिल्लीचं जोडपं आणि नाशिकहून हरिद्वार-ऋषिकेश करायला आलेल्या एक काकू. त्या आदल्या दिवशी घाटावर भेटल्या होत्या आणि माझ्या मागोमाग उत्सुकतेने आल्या होत्या, सहावारी नेसून, वर स्वेटर घालून.

मॅट अंथरायला आम्ही वाकलो तर ती म्हणाली, थांबा. आधी चप्पल काढून सगळी जागा अनवाणी चालून घ्या. पाय जिथे पोटरीपर्यंत काम करायला लागतो ती वाळू नको. पाण्यालगतची ओली वाळू टणक, पण उताराची, तीही नको. दोन्हींच्या मधला एक पट्टा सापडला. तिथे प्रत्येकाने गोटे वेचले, तळहाताने वाळू ओढून आपापली जागा सपाट केली, वरून पायांनी दाबली. मग मॅट. मग तिने आपली स्टीलची पाण्याची बाटली एकेका मॅटवर आडवी ठेवली, आधी लांबीत, मग रुंदीत. बाटली घरंगळली की मॅट उचलायची, वाळू पुन्हा सारखी करायची. गवंड्याच्या पाणसळीचं काम ती बाटली करत होती. यात चांगला वेळ गेला. दिल्लीचे गृहस्थ घड्याळ पाहू लागले. मला मात्र तेव्हाच कळलं की आज आपण योग्य हातांत आहोत.

हे ती का करत होती? उतारावर आडवं ताडासनात उभं राहिलं की एक पाय खाली जातो, त्या बाजूची कंबर उतरते, पाठीचा कणा ते सांभाळायला वाकतो. दोन मिनिटांत काही बिघडत नाही. पण त्याच जागी त्रिकोणासन, वीरभद्रासन, पार्श्वकोणासन असं तासभर उभं राहिलात तर संध्याकाळी कमरेचा एकच कोपरा दुखायला लागतो आणि माणूस दोष आसनाला देतो. सभागृहात फरशी घालणाऱ्याने हे काम आपल्यासाठी आधीच करून ठेवलेलं असतं. उघड्यावर ते शिक्षकाचं पहिलं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठंही.

वाळूचा दुसरा गुण मला तिथे दिसला. आमच्याकडे मांडी घालून बसताना ज्यांचे गुडघे वर राहतात त्यांना आम्ही ब्लँकेटच्या घडीवर बसवतो. बैठकीची हाडं उंचावली की मांड्या सैल होऊन खाली उतरतात, कंबर आत यायला वाट मिळते. तिथे ब्लँकेटं नव्हती. तिने मॅटच्या मागच्या टोकाखाली वाळूचा उंचवटा करायला सांगितला. एका उंच जर्मन गृहस्थांचे गुडघे पार छातीशी येत होते. त्यांचा उंचवटा तिने तीनदा वाढवला. मग पुढच्या बाजूने मूठभर काढली, तसे त्यांचे खांदे कानांपासून उतरले. ठोकळ्याची उंची ठरलेली असते. वाळू मात्र बोटभर कमी, बोटभर जास्त अशी करता येते, डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी अशीही ठेवता येते. इतकं बारीक जुळवून घेणारं साधन माझ्या वर्गात नाही.

काकूंना मात्र काहीच लागलं नाही. साडी जराशी सावरली, मांडी घातली आणि बसल्या. पाठ सरळ, गुडघे जमिनीला, चेहऱ्यावर काही केल्याची खूण नाही. शिक्षिका त्यांच्यासमोर उकिडवी बसून बघतच राहिली. "माताजी, आपने कहाँ सीखा?" काकू मला म्हणाल्या, "अहो ताई, सांगा तिला, शिकायचं काय त्यात? परातीत भाकरी, पाट्यावर वाटण, निवडणं-टिपणं, जन्मभर सगळं खाली बसूनच केलं की." मी हिंदीत सांगितलं. त्या मुलीने सगळ्यांना काकूंच्या बाजूला येऊन त्यांची कंबर पाहायला सांगितली. माकडहाड आत नाही, पोट पुढे नाही, कणा ओटीपोटातून उगवल्यासारखा वर गेलेला. मी शिकवताना एवढ्या खुणा करते, एवढे शब्द वापरते, ते सगळं या बाईंच्या अंगात घरकामाने मुरलेलं होतं. आपल्याकडे जेवणाची टेबलं आणि ओटे आले तेव्हा ही बैठक किती हलकेच निघून गेली, आणि आता ती आम्ही वर्गात परत शिकवतो.

वृक्षासन आलं तेव्हा सगळे साहजिकच गंगेकडे तोंड करून उभे राहिले. एक पाय उचलला आणि ओळीने डोलायला लागलो. तोल तीन गोष्टींवर चालतो. डोळे, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि तळपाय-घोटा-गुडघ्यांतून मेंदूला जाणाऱ्या खबरा. वाळूवर तळपायाची खबर आधीच अंधुक होते, कारण खालचा आधार कणाकणाने सरकतो. त्यात डोळ्यांपुढे वाहतं पाणी. पुलावरून प्रवाहाकडे टक लावून पाहिलं की पूलच उलटा सरकतोय असं वाटतं ना, तेच इथे अंगाला होतं. पाणी हलतंय की मी, हे ठरत नाही आणि घोटा उगाचच तोल सावरायला धावतो.

तिने आम्हाला पाठमोरं केलं. मग डोंगराच्या माथ्याकडे पाहणाऱ्यांनाही अडवलं. नजर सहा-सात हातांवरच्या एखाद्या गोट्यावर ठेवा, म्हणाली. हे शहाणपण मला फार आवडलं. जवळची वस्तू पाहताना शरीर जरा जरी डुललं तरी ती डोळ्यांना सरकलेली दिसते आणि शरीर लगेच सावरतं. दूरचा डोंगर तेवढ्या डुलण्याने जागचा हलत नाही, म्हणून तो काही सांगतही नाही. वर्गात भिंत चार पावलांवर असते, त्यामुळे ही मदत आपल्याला न मागता मिळत असते. मी माझा गोटा निवडला. करडा, मधून पांढरी रेघ गेलेला. पाय उचलला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेच्या दोन बाजूंना वाळू वेगवेगळी दाबली जातेय हे मला फरशीवर कधी जाणवलं नव्हतं इतकं स्पष्ट जाणवलं. आसन संपल्यावर पाऊल बाजूला घेतलं तर खाली मॅटला खळगा पडला होता, बाहेरच्या कडेला जास्त खोल. उजव्या पायावरचं माझं वजन बाहेर जातं ते जमिनीने लिहून दाखवलं.

मागे नदी, पुढे गोटा, असं शिकवणाऱ्या त्या मुलीला ज्ञानोबांची जागा बरोबर कळली होती, असं मी मानते. नदी तिथे हवीच. तिचा अखंड, एकसारखा आवाज मोटारी, लाउडस्पीकर, बोलणी सगळं पोटात घेतो आणि कानांना शांतता देतो. पण ती कानांसाठी. डोळ्यांसाठी नव्हे.

याच्या उलट गोव्यात पाहिलं. एका किनाऱ्यावरच्या वर्गात मावळत्या सूर्याकडे तोंड करून सगळ्यांना मऊ, कोरड्या वाळूत शीर्षासनाला लावलं होतं, आणि बाजूला एकजण छायाचित्रं काढत होता. मऊ वाळूत डोकं एका बाजूला रुतत जातं, हातांचा आधार दुसरीकडे खचतो आणि मानेच्या मणक्यांवर तिरकं वजन येतं. शीर्षासन आणि सर्वांगासन वाळूवर करू नये, हे मी अगदी ठामपणे सांगते. अधोमुख श्वानासनातही मनगटाकडचा तळवा खाली जातो आणि मनगट जास्त दुमडतं. तिथे मॅटची कड गुंडाळून तळव्याच्या मुळाखाली घ्यावी आणि वजन बोटांच्या मुळांवर आणावं. गोव्यात योगाभ्यास करायचाच तर सकाळी करावा. सूर्य जमिनीच्या बाजूने येतो, माडांची सावली किनाऱ्यावर पडलेली असते. दक्षिण गोव्यात पाटणे, आगोंदकडे लाकडी फळ्यांचे चौथरे आणि वर झावळ्यांचं छप्पर असतं. पायाखाली सपाट, बाजू मोकळ्या. स्वात्माराम आणि ज्ञानोबा या दोघांचंही समाधान व्हावं अशी ती सोय आहे.

सूर्यनमस्कार तेवढे कुठेही सोसतात. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते लावले तेव्हापासून ते मातीच्या पटांगणातच वाढले. सारखी हालचाल असल्यामुळे जमिनीचा दोष एका सांध्यावर साचून राहत नाही.

ऋषिकेशला शवासन उन्हाच्या आधी उरकलं. हिमालयातून आलेल्या या वाळूत अभ्रक फार, ऊन पडलं की ती मिटल्या पापण्यांतूनही चमकते. तिने आधी टाचांसाठी दोन खळगे करायला लावले, डोक्याखाली लहानसा उंचवटा. मग शाली पांघरायला सांगितल्या, कारण निश्चल पडल्यावर अंग लवकर गार होतं आणि वारा अजून पुरता पडला नव्हता. एक कुत्रं येऊन काकूंच्या पायाशी वेटोळं करून झोपलं. मोर चालतात तर हेही चालावं.

पुण्याला परत आल्यापासून मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना अधूनमधून तळजाईच्या टेकडीवर नेते. मॅट पिशवीतच ठेवायला सांगते आणि आधी अनवाणी चालायला लावते. मुरमाड जमीन, झाडांची मुळं, खडे. ज्यांचं अर्धचंद्रासन भिंतीशी सुबक होतं त्यांतले काही तिथे डगमगतात, आणि एक आजोबा, ज्यांना वर्गात मी नेहमी खुर्ची देते, ते तिथे खुर्चीशिवाय बराच वेळ उभे राहतात. का, ते मी अजून पाहतेय. बहुधा तळपाय जागे होत असावेत.

प्राणायाम मात्र मी तिथे घेत नाही. टेकडीवर पहाटे वाऱ्याची दिशा सारखी बदलते, गार झोत थेट नाकपुड्यांत येतो आणि लांबवलेला श्वास मध्येच तुटतो. उज्जायी असो की नाडीशोधन, त्यासाठी आम्ही खाली उतरतो, वर्गात येतो, वाऱ्याकडची खिडकी लावून घेतो.