एका वर्षाचे कटलफिश

कटलफिश पाळायचे तर टाकीच्या आधी खाणं जमवावं लागतं. शोभेचे मासे चिमूटभर कोरड्या दाण्यांवर खुशाल राहतात. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं कटलफिशचं पिल्लू हलत नसलेल्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. जेमतेम ६-७ मिलिमीटरचा जीव, पण जन्मापासून शिकारी. त्याला जिवंत मायसिड लागतात, म्हणजे कोळंबीच्या घाटाचे, आरपार दिसणारे इवले जीव. हे मायसिड उपाशी राहिले की एकमेकांनाच खातात. म्हणून त्यांच्यासाठी आर्टेमियाची, म्हणजे त्यांच्याहूनही इवल्या जीवांची, अंडी खाऱ्या पाण्यात उबवायची, हवा सोडत ठेवायची, रोज ताजी पिल्लं गाळून घ्यायची. कटलफिशच्या पिल्लांना थेट आर्टेमियाच का घालू नये, असं प्रत्येक जण विचारतो. पिल्लं तो खातातही. पण त्याने त्यांचं पोषण होत नाही. खाता खाता खंगत जातात.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहतो. घरात खाऱ्या पाण्याची टाकी आधीपासून होती, प्रवाळही होते. कटलफिशचं वेड लागलं ते शहरातल्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमुळे. तिथे काम केलेले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड रॉस यांनी बुटके कटलफिश आधी स्वतःच्या घरी वाढवले, त्यांची वीण घेतली आणि ते कसं केलं हे हौशी लोकांसाठी सविस्तर लिहून ठेवलं. त्यांचं लेखन मी पुनःपुन्हा वाचलं. कुणा संशोधकाने आपली रीत अशी हातचं न राखता सांगितली की किती घरांना त्याचा उपयोग होतो, हे मी अनुभवलं आहे.

या जातीचं रूढ शास्त्रीय नाव सेपिया बॅन्डेन्सिस. इंडोनेशियातल्या बांदावरून ते पडलं. बेल्जियन संशोधक विल्यम अ‍ॅडम यांनी १९३९ साली या जातीचं वर्णन केलं. पूर्ण वाढलेला नमुना तळहातावर मावतो, अंगाची लांबी ७ सेंटिमीटरच्या आसपास. कटलफिशच्या इतर बऱ्याच जाती यापेक्षा खूप मोठ्या होतात, त्यामुळे घरच्या टाकीत ठेवता येण्यासारखी ही जवळपास एकच जात.

अंडी एका हौशी माणसाकडून आणली. त्याच्या घरच्या जोडीने घातलेली होती. मादी प्रत्येक अंड्यावर स्वतःच्या शाईचा लेप देते, त्यामुळे घोस काळ्या द्राक्षांसारखा दिसतो. पाणी २५-२६ अंशांवर ठेवलं तर चारेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. मधल्या दिवसांत अंडं फुगत जातं, कवच ताणलं जातं, शाई विरळ होते, आणि शेवटी शेवटी आतलं पिल्लू स्पष्ट दिसू लागतं. मागून बॅटरीचा उजेड दाखवला की ते आत गरकन फिरायचं. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच ठेवून आधी अंडी बघायची. फ्रान्समधल्या संशोधकांनी युरोपीय कटलफिशवर प्रयोग करून दाखवलं आहे की अंड्यात असतानाच बाहेरचे खेकडे पाहिलेली पिल्लं जन्मल्यावर खेकड्यांकडे ओढ घेतात. हे वाचल्यापासून आम्ही अंड्यांच्या जाळीबाहेर मायसिड सोडू लागलो. त्याचा किती उपयोग झाला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण करायचं सोडलं नाही.

पिल्लांना मोठ्या टाकीत मोकळं सोडत नाहीत. सुरुवातीला ती खाण्याच्या मागे धावत नाहीत, खाणं त्यांच्या पुढ्यात असावं लागतं. म्हणून टाकीतच बारीक जाळीची पेटी टांगून त्यात ठेवतात. मी भिंग घेऊन त्या पेटीपाशी तासन्‌तास बसलो आहे. मायसिड दिसला की पिल्लू जागच्या जागी त्याच्याकडे वळतं. डोळ्याची बाहुली इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची, ती बारीक होते. पुढचे दोन हात वर उचलले जातात, अंग गडद होतं. मग ते पाठीमागे थोडं सरकतं, अंतर घेतं, आणि आठ हातांमध्ये लपवलेले दोन लांब स्पर्शक डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटून परत येतात. मायसिड हातांत अडकलेला असतो. अंतराचा हा अंदाज दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा ताडून घेतला जातो. मिनेसोटा विद्यापीठातल्या ट्रेव्हर वॉर्डिल यांच्या गटाने २०२० साली कटलफिशना चक्क लाल-निळे चष्मे लावून, पडद्यावर कोळंबी दाखवून हे शोधलं.

महिना-दीड महिन्यात पिल्लांना बर्फातल्या कोळंबीवर आणता येतं. तुकडा पातळ काडीच्या टोकाला लावायचा आणि तो जिवंत वाटेल असा हलवायचा. एकाने घेतला की काम झालं असं नसतं. प्रत्येकाचा वेगळा धडा. पण एकदा सवय लागली की ते खाणं देणाऱ्या माणसाला टाकीच्या पुढच्या काचेशी येऊन भिडतात.

त्याच सुमारास आई आली. आमचं घर हर्णैचं, बंदराजवळ. आयुष्यभर लिलावातली मासळी घेतलेल्या आणि साफ केलेल्या बाईला टाकीत काय आहे ते सांगायची गरजच नव्हती. "अरे, हे तर माकूल! हे पाळतात का कुणी?" म्हणाली. मी काडी तिच्या हाती दिली. मोठा नर वाळूवरून खालच्या दोन हातांनी चालत चालत तिच्या समोर आला आणि त्याच्या पाठीवरचे काटेरी उंचवटे एकेक करून वर आले, मग मावळले. गुळगुळीत कातडीचं खडबडीत खडक होणं आणि परत गुळगुळीत होणं तिने पहिल्यांदाच पाहिलं. "मेल्यावर यातलं काहीच दिसत नाही रे," ती म्हणाली. त्यानंतर संध्याकाळचं खाणं तीच देऊ लागली.

खरंच काहीच दिसत नाही. जिवंतपणी त्यांच्या कातडीत रंगाच्या हजारो पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीला स्नायू असतात. मेंदूने हुकूम केला की पिशवी ताणली जाते आणि रंग पसरतो. हे सगळं करणाऱ्या डोळ्यात रंग ओळखायचं द्रव्य मात्र एकच, म्हणजे आपल्या हिशेबाने हा प्राणी रंगांधळा. तरी वाळूवर वाळूचा आणि शेवाळावर शेवाळाचा होतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नोबेल विजेते रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेने याच बुटक्या जातीच्या मेंदूचा नकाशा २०२३ साली प्रसिद्ध केला. मेंदूत चाललेलं कातडीवर उमटताना दिसतं, म्हणून त्यांना हा प्राणी हवा. मला घरात बसून तेच बघायला मिळत होतं, हे भाग्य मी लहान मानत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा प्राणी जरासुद्धा सवलत देत नाही. तो भरपूर खातो, भरपूर घाण करतो, आणि अमोनिया वाढला की आधी तोच मरतो. नळाच्या पाण्यातलं तांबं त्याला विष आहे, म्हणून टाकीत फक्त आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ. दचकला तर शाई सोडतो. ती ओढून घ्यायला टाकीच्या मापापेक्षा मोठा, फेसाबरोबर घाण काढणारा प्रोटीन स्किमर आणि कोळशाची गाळणी हवी. दचकून मागे झेपावताना शेपटाकडचा भाग काचेवर आपटतो, जखम होते, ती चिघळते. ज्या घरात टाकीसमोर दारं आपटतात, रात्री अचानक दिवे लागतात, तिथे हे प्राणी ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही टाकी येण्याजाण्याच्या वाटेवरून कोपऱ्यात हलवली आणि तिच्यावर मंद दिवा रात्रभर ठेवला.

पाचव्या-सहाव्या महिन्यात नर एकमेकांपुढे हात पसरून, अंगावर पट्टे उमटवून उभे राहू लागले. मीलनात नर-मादी तोंडासमोर तोंड करून हातांत हात गुंफतात. मग मादी अंडी घालते, एकेक करून, प्रत्येक नीट चिकटवून. दिवसच्या दिवस हे काम चालतं. आमच्या मादीने पंपाच्या नळीवर घोस लावला, आणि तिथून पुढे तिचं उतरणं सुरू झालं. डोळे धुरकट झाले, कातडीवर पांढरे चट्टे आले, स्पर्शक सुटायचे पण काडीच्या बाजूने जायचे. मग मी कोळंबी थेट तिच्या हातांत ठेवू लागलो. यावर औषध नाही, कारण हा आजारच नाही. या जातीचं आयुष्य साधारण एका वर्षाचं. ती गेल्यावर आतलं समुद्रफेण काढलं तर ते माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढं भरलं. हर्णैच्या किनाऱ्यावर आम्ही लहानपणी वेचायचो ती पांढरी फळी हीच. तिच्या बारीक कप्प्यांतला वायू आणि पाणी कमीजास्त करून प्राणी तरंगतो. मुलीला फार रडू आलं. नळीवरची अंडी आम्ही निम्मी ठेवली, निम्मी दोन हौशी घरांना दिली.

एवढ्या थोड्या आयुष्यासाठी एवढा खटाटोप करावा का, असं मला विचारतात. माझ्या मते करावा, पण एका अटीवर. समुद्रातून पकडून आणलेले मोठे कटलफिश विकत घेऊ नयेत. त्यांचं वय कळत नाही, बरेचदा ते उताराला लागलेले असतात, प्रवासात पिशवीत शाई सोडून गुदमरतात, आणि उरलेच तर थोडक्या आठवड्यांत जातात. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की हे कुठे जन्मले. उत्तर नीट मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या, आणि ज्याच्या घरी जोडी आहे त्याच्याकडे अंड्यांसाठी नाव लावून ठेवा.