ठेच्यापुढे वाइन

नाशिकला जावं तर फेब्रुवारीत, आणि तपोवन एक्स्प्रेसनं. कसाऱ्याचे बोगदे संपून इगतपुरी आली की खिडकीतला वारा एकदम कोरडा आणि गार होतो. नाशिकच्या वाइनचं निम्मं कारण त्या वाऱ्यात आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवरचं पठार, दिवसा चांगलं ऊन आणि रात्री गोधडी लागेल अशी थंडी. उन्हानं द्राक्षात साखर भरते, थंडीनं आंबटपणा टिकतो. आंबटपणा गेला तर वाइन सरबतासारखी सपक लागते.

नाशिक रोडला उतरवून घ्यायला यजमान स्वतः आले होते. पिकअपच्या मागे रिकामे क्रेट खडखडत होते. पंचवटी मागे टाकून दिंडोरीचा रस्ता धरला, म्हसरूळला चामर लेण्यांचा डोंगर गेला आणि हळूहळू दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. हे गृहस्थ मुळात खायच्या द्राक्षांचे बागायतदार. थॉम्पसन, सोनाका, निर्यातीचा माल. एका गारपिटीत तोडणीला आलेली बाग झोपली. त्यानंतर त्यांनी अर्धी जमीन वाइनच्या द्राक्षांना दिली आणि बागेच्या कडेला दगडी भिंतींचं, कौलारू छपराचं मुक्कामाचं घर बांधलं. हंगामातल्या काही शनिवारी तिथे पंगत बसते. प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाइन, आणि जेवण वहिनींच्या हातचं. मी आले होते ती पंगत पाहायला आणि, खोटं कशाला बोलू, जेवायला.

दुपारी बागेत फिरताना त्यांनी शिराझचा घड हातात दिला. मणी हरभऱ्याहून थोडा मोठा, साल जाड, आत बिया. खायच्या द्राक्षाला लांबट, टपोरा करण्यासाठी जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवतात. इथे उलटं, मणी लहानच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. वेल मात्र त्याच पद्धतीनं राखलेली. डॉगरिजच्या खुंटावर कलम, एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून वर्षात छाटण्या दोन आणि पीक एक. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात होणारी तोडणी इथे जानेवारी ते मार्चमध्ये होते, तीही पहाटे, माल गार असताना.

या पट्ट्याचा इतिहास फार जुना नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात इंडेज ही वायनरी काढली, ती बुडबुड्यांच्या वाइनसाठी ओळखली गेली. नाशिकला राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, त्यांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि मग वायनऱ्या उभ्या राहत गेल्या. आज गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. माणसं घोट घेतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत स्टिअरिंगवर बसतात. मला ते कधीच पटलेलं नाही. वाइन चाखायची तर मुक्काम हवा, पायांनी चालत खोलीत जाता आलं पाहिजे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात डोकावले तर वहिनी घाईत होत्या. पाहुणे साडेसातला बसणार आणि त्याआधी मिरचीची फोडणी उरकायची होती. "ताई, पहिल्यांदा पंगत केली तेव्हा मी ऐनवेळी फोडणी टाकली. सगळे ग्लासात नाक घालून बसलेले आणि एकदम ठसका. कोणाला काही वासच येईना." आता रस्सा तासभर आधी तयार असतो, मागचं दार उघडं असतं आणि देवघरातली उदबत्तीसुद्धा सहाच्या आत लागते. तांबड्या वाइनच्या बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. याचं पाहुण्यांना नवल वाटतं, कारण तांबडी वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं सगळ्यांनी वाचलेलं असतं. ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. आपल्या खोलीत तीच वाइन उकडून निघते आणि तिच्यातला अल्कोहोल तेवढा नाकात भरतो.

अंगणात लांब टेबल. ठाण्याचं एक जोडपं, पुण्याहून आलेलं तीन पिढ्यांचं कुटुंब, धुळ्याचे एक निवृत्त मास्तर आणि मी. कुटुंबातल्या कॉलेजकुमाराचं आधार कार्ड यजमानांनी न लाजता मागितलं. वाइनला 21 पूर्ण लागतात. उत्पादनशुल्क खात्याचा एका दिवसाचा परवाना दाराशीच टांगलेला. टेबलाच्या मधोमध पितळी तस्त ठेवलं होतं, चाखून थुंकायचं असेल त्यांच्यासाठी. रात्रभरात त्यात कोणी थुंकलं नाही. आजींनी तेवढे त्यात हात धुतले.

सुरुवात कांदाभजी आणि बुडबुड्यांच्या वाइननं. तेलकट तोंड त्या आंबट फेसानं लख्ख होतं, यात समजावण्यासारखं काही नाही. मग निखाऱ्यावरचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि सोविन्यों ब्लां. हिच्या वासात ढोबळी मिरचीसारखी हिरवी छटा असते, आणि कोवळ्या ज्वारीशेजारी ती खुलते. इथपर्यंत सगळे खूश होते.

खरी पंगत मिसळीपासून सुरू झाली. यजमानांनी मुद्दाम दोन ग्लास भरले: एकात कॅबर्ने सोविन्यों, दुसऱ्यात किंचित गोडसर, चांगली गार शेनिन ब्लां. "आधी रस्सा, मग तांबडी." ठाणेकरांनी घोट घेतला आणि डोळे मिटून पाण्याकडे हात नेला. तिखट जिभेवर ज्या जागी भाजतं, तीच जागा अल्कोहोलही चेतवतो. वर तांबड्या वाइनमधला तुरटपणा लाळेतली प्रथिनं बांधून तोंड कोरडं करतो, म्हणजे आग विझवायला ओलावाही उरत नाही. मग शेनिन. तिच्यातल्या साखरेनं तिखटाची धार उतरली, आणि गंमत म्हणजे लवंग-दगडफुलाचा वास, जो तोवर मिरचीखाली दबला होता, तो वर आला. मिसळीवर पिळलेल्या लिंबापुढे वाइनही तेवढीच आंबट हवी, नाहीतर पाणचट वाटते. तो आंबटपणा शेनिनमध्ये होता.

कांदा मात्र वेगळ्या वाटीत होता. कच्च्या कांद्यानं जीभ इतकी बधिरते की पुढचे दोन घोट फुकट जातात, असं यजमान सांगत असतानाच मास्तरांनी अख्खी वाटी मिसळीवर उपडी केली. "कांद्याशिवाय मिसळ म्हणजे नुसती उसळ." यजमान हसले आणि त्यांच्या ग्लासात आणखी शेनिन ओतली. हे मला फार आवडलं. पुस्तकात शिकलेल्या माणसानं तिथे व्याख्यान दिलं असतं.

वांग्याचं भरीत आणि झिनफांडेलची गुलाबी वाइन ही जोडी बरी होती, त्यापलीकडे काही नाही. भाजलेल्या वांग्याच्या धुरकट वासाला काहीतरी भारी हवं होतं. ते मी बोलले, आणि वहिनींनी मान डोलावली.

मटण आलं काळ्या मसाल्यातलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा बाजूला. आता शिराझ. वाचताना वाटेल की मिसळीत जे कॅबर्नेचं झालं तेच इथे व्हावं. तसं झालं नाही, कारण मटणात चरबी होती आणि तुरटपणा त्या चरबीला आणि प्रथिनांना जाऊन भिडला, तोंडाला सोडून. खोबरं भाजून काळं केलेल्या मसाल्याचा खमंगपणा आणि शिराझचा मिऱ्यासारखा वास यांचं सूत जमलं. पण ठेच्याचा एक कण घेतला आणि सगळं पुन्हा विस्कटलं. यजमानांनी एकदा वहिनींना तिखट कमी करायला सुचवलं होतं म्हणे. वहिनींचं उत्तर: "बाटली बदला. माझा मसाला बदलायचा नाही." मला वाटतं, या घरच्या पंगती चालतात त्या याच एका वाक्यावर. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत आधी बाटल्या ठरतात आणि मग त्यांना झेपेल असं मिळमिळीत जेवण शिजतं. चीजचे तुकडे, खारे काजू, ओळखू न येणारी पनीर टिक्का. मराठी ताटात मीठ, आंबट, तिखट, गूळ सगळं एकाच वेळी समोर असतं आणि माणूस घासागणिक ते बदलत जातो. त्याच्याशी जमवून घ्यायचं काम वाइनचं.

शेवटी पुरणपोळी आणि उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन, ग्लासात जेमतेम दोन बोटं. पदार्थ वाइनहून गोड असला तर वाइन व्हिनेगरसारखी लागते. इथे दोघी अगदी तोडीस तोड होत्या, फक्त तुपाची धार जास्त झाली.

जेवणं झाल्यावर जुना वाद निघणारच होता. 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकू द्यायचं सरकारनं ठरवलं, त्यावर रान उठलं आणि ते अमलात आलं नाही. वाइन शेतमाल की दारू? पुणेकर बाबा एका बाजूला, मास्तर दुसऱ्या. यजमान गप्प बसून क्रेटचा हिशोब लिहीत होते. पहाटे त्यांची तोडणी होती. दारूच आहे ती, माझ्या मते, आणि शेतमालही आहे, पण अकरा वाजता हे कोण ऐकणार.

ठाणेकर बाईंनी पुढच्या पंगतीचं विचारलं. एप्रिलमध्ये नाही, खरड छाटणी असते. मेमध्ये पाणी नाही. "मग पावसाळ्यात येतो, ऑगस्टमध्ये."

"तेव्हा श्रावण," वहिनी आतून म्हणाल्या. "मटण नाही मिळायचं."

"आणि वाइन?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी अळूवड्या करीन, चिंच-गुळाच्या. वालाचं बिरडं करीन." मग थोडं थांबून नवऱ्याला, "ती गोडसर पांढरी उरेल ना तोवर? चार बाटल्या बाजूला काढून ठेवा."