चाणक्यपुरीतला रस्ता आणि खुमजुंगची शाळा

दिल्लीला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, राष्ट्रपती भवन, एक दिवस आग्र्यासाठी आणि उरलेला वेळ करोलबागेतल्या खरेदीला! मुलांनी हिमालयाचा हट्ट धरला तर मनालीची बस पकडायची. पण हिमालयाची एक फार सुंदर हकिगत खुद्द दिल्ली शहरातच पाहायला मिळते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यासाठी अर्धा दिवस पुरतो.

मेट्रोच्या पिंक लाइनवर ‘दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस’ नावाचे स्थानक आहे. नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतोच. दुर्गाबाई म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी आयुष्य वेचलेल्या बाईंच्या नावाच्या या स्थानकावर उतरायचे आणि बेनितो हुआरेझ मार्गावरच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे जायचे. भारतातल्या हिमशिखरांवर चढाई करू इच्छिणाऱ्या परदेशी गिर्यारोहकांना परवानगी मिळते ती याच संस्थेकडून. आवारातल्या कृत्रिम भिंतीवर तरुण मुलेमुली दोर बांधून चढण्याचा सराव करतात. ज्या दिल्लीत अरवलीच्या बुटक्या रांगेपलीकडे डोंगर नाही, त्या दिल्लीत हे दृश्य मोठे मौजेचे वाटते.

तिथून रिक्षाने चाणक्यपुरीत यावे. रुंद, सावलीचे रस्ते आणि देशोदेशींच्या वकिलाती. त्यांतल्याच न्यूझीलंडच्या उच्चायुक्तालयासमोरच्या रस्त्याला ‘सर एडमंड हिलरी मार्ग’ असे नाव आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रथम उभे राहिलेले ते हेच हिलरी. त्याच वर्षी जूनमध्ये पंडित नेहरूंनी या वीरांचे दिल्लीत स्वागत केले होते. पुढे १९८५ ते १९८९ या काळात हिलरी न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून याच शहरात राहिले. मात्र रस्त्याला नाव मिळण्याइतके प्रेम त्यांना या भागात मिळाले, त्याचे कारण केवळ एव्हरेस्ट नव्हे.

मागितली ती शाळा

हिलरी मूळचे मधमाश्या पाळणारे. एव्हरेस्टने त्यांना एका दिवसात जगप्रसिद्ध केले. ज्या शेर्पांच्या खांद्यावरून मोहिमांचे सामान वर गेले, त्यांच्या गावांत मात्र काहीच बदलले नव्हते. १९६० साली हिलरी पुन्हा एका मोहिमेवर त्या भागात गेले. ‘तुमच्यासाठी काय करू?’ असे त्यांनी शेर्पांना विचारले. त्यांनी पैसा मागितला नाही की धान्य मागितले नाही. आमच्या मुलांसाठी शाळा द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

याच मोहिमेतला एक किस्सा मुलांना जरूर सांगावा. खुमजुंग गावाच्या मठात ‘यती’ची म्हणून एक कवटीची कातडी जपून ठेवलेली होती. गावाने ती हिलरींना काही आठवड्यांसाठी उसनी दिली आणि तिच्याबरोबर गावचे प्रमुख खुंजो चुंबी यांनाही धाडले. कातडी अमेरिका-युरोप फिरून आली. ती ‘सेरो’ या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची आहे, असा शास्त्रज्ञांनी निर्वाळा दिला. यती काही सापडला नाही. पण १९६१ साली खुमजुंगला शाळा मात्र मिळाली! तिच्या इमारतीसाठी अॅल्युमिनियमचे सामान दिले ते कोलकात्याच्या एका कंपनीने. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच जागी, मुले पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागली.

मग इतर गावांतूनही मागणी आली. १९६३ च्या मोहिमेचे तर नावच ‘शाळा मोहीम’ होते. या मंडळींनी कांगतेगा हे ६,७८२ मीटरचे शिखर प्रथमच सर केले आणि त्याच मोहिमेत पांगबोचे व थामी येथे शाळा बांधल्या. सामान आणण्याच्या सोयीसाठी १९६४ साली लुकला येथे धावपट्टी तयार झाली. तिची भुसभुशीत माती दाबायला यंत्र नव्हते, म्हणून शेर्पांनी हातात हात घालून तिच्यावर नाच केला! १९६६ साली खुंदे येथे रुग्णालय उघडले. अन्नपाण्यात आयोडीन नसल्याने तिथे गलगंड घरोघरी होता आणि मतिमंद मुले जन्माला येत होती. रुग्णालयाने आयोडीनची इंजेक्शने देऊन या दुखण्याला आवर घातला.

वर्षानुवर्षांची वणवण

शिखर चढल्याने पैसा आपोआप येत नाही. हिलरींनी ‘हिमालयन ट्रस्ट’ स्थापन केला आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षे न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडात व्याख्याने देत हिंडले. एव्हरेस्टची गोष्ट ऐकायला लोक यायचे आणि जाताना शाळेसाठी देणगी द्यायचे.

या कामाची त्यांनी फार मोठी किंमतही मोजली. ३१ मार्च १९७५ रोजी ते फाफलू येथे रुग्णालय बांधत होते. त्यांना भेटायला निघालेल्या पत्नी लुईस आणि सोळा वर्षांची मुलगी बेलिंडा यांचे विमान काठमांडूहून उडताच कोसळले. दोघीही गेल्या. असा घाव बसल्यावर कुणी हिमालयाकडे पुन्हा पाहिलेही नसते, तर त्याला दोष देता आला नसता. हिलरी खचले, पण काम सोडले नाही. फाफलूचे रुग्णालय उभे राहिले आणि शाळांची संख्या पंचवीसच्या पुढे गेली. दिल्लीत उच्चायुक्त असतानाही हे काम चालूच होते. ११ जानेवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

खुमजुंगच्या शाळेत शिकलेला कामी तेम्बा हा शेर्पा मुलगा खुंदेच्या रुग्णालयात आरोग्य साहाय्यक झाला, पुढे फिजीला जाऊन डॉक्टर झाला आणि परत येऊन त्याच रुग्णालयाचा प्रमुख बनला. अर्थात सगळेच परतले असे नाही. शिकलेली कितीतरी मुले काठमांडूला आणि परदेशी गेली. आपल्या कोकणातल्या गावांना हे दुःख नवे नाही. तरीही घर सोडायचे की राहायचे, हे ठरवण्याची मोकळीक त्या मुलांना शाळेनेच दिली.

आपल्याला जमेल ते

आता ‘मुलांच्या मदतीसाठी शिखर चढा’ अशा मोहिमा जगभर निघतात. आपल्याकडे २००४ पासून मुंबई मॅरेथॉनचे धावपटू संस्थांसाठी निधी गोळा करतात, त्यातलाच हा प्रकार. घरातला कुणी तरुण अशा मोहिमेला निघाला तर त्याचे कौतुक जरूर करावे, पण काही प्रश्नही विचारावेत. जमलेल्या पैशांतून प्रवासाचा खर्च किती आणि मुलांपर्यंत पोहोचणार किती? संस्था नोंदणीकृत आहे का, हिशेब देते का, पावती देते का? आपला प्रवासखर्च आपणच सोसून देणगीचा पैसा न पैसा मुलांना द्यावा, हे उत्तम. आणि पुढच्या वर्षी त्या शाळेची चौकशी कोण करणार, हेही आधी ठरवावे. २०१५ च्या भूकंपात खुमजुंगसह अनेक शाळांची पडझड झाली. ट्रस्टचे काम चालू होते, म्हणूनच त्या पुन्हा उभ्या राहू शकल्या.

खुमजुंगला जायचे असेल तर दिल्लीहून विमानाने काठमांडू, तिथून छोट्या विमानाने लुकला आणि पुढे नामचे बाजारमार्गे तीन-चार दिवसांची पायपीट. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे हा काळ चांगला. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. चढताना घाई करू नये, विरळ हवेची सवय होऊ द्यावी.

तेवढे जमणार नसेल तर पुढच्या दिल्लीभेटीत मुलांना चाणक्यपुरीतल्या त्या रस्त्यावर न्यावे आणि पाटीवरचे नाव वाचायला लावावे. एव्हरेस्टची गोष्ट त्यांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असेलच. शाळेची गोष्ट आपण सांगावी.