‘नको’ म्हणणारी गोधडी

क्यूआर कोड म्हणजे मुळात चौकोनांचा खेळ. नेहमीच्या कोडांमधला सगळ्यात लहान २१ बाय २१ चौकोनांचा, म्हणजे एकूण ४४१ तुकडे. गोधडी शिवणाऱ्या बाईनं घाबरावं असं त्यात काही नाही. जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तयार केला. आज तो शहाळेवाल्याच्या गाडीवरही लटकतो आणि देवळातल्या दानपेटीवरही. पैसे टाका, ॲप घ्या, ऑफर बघा! मला एक असा कोड हवा होता की स्कॅन केल्यावर नुसतं ‘नको’ म्हणेल. पुढे ना दुकान, ना बिल.

‘नको’ला देवनागरीत नऊ बाइट लागतात. सगळ्यात लहान कोडात, साधारण पाव भाग बिघडला तरी चालेल अशी तजवीज ठेवूनही, ते आरामात मावतं. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन तेवढे शाबूत हवेत. ठिगळाची सोय आधीच धरून केलेली वस्तू म्हटल्यावर माझं तिच्याशी पटलंच.

खरी कसरत कापडाची. फोनला रंगाशी देणंघेणं नसतं, तो उजळ-गडद एवढंच पाहतो. त्यामुळे गडद कुंकवी इरकल काळ्यात जमा होते आणि हळदी रंग पांढऱ्यात. चौकोनात काठ आला की कॅमेरा गोंधळतो, म्हणून काठ कापून बाजूला ठेवले. जिवावर आलं, पण ठेवले. शिवून दोन इंचांचा चौकोन हवा तर अडीच इंचांचा कापायचा. चारी बाजूंनी चार-चार चौकोनांइतकी मांजरपाटाची कोरी कड सोडायची, नाहीतर कोड कुठे सुरू होतो तेच फोनला उमगत नाही. वरून धावदोरा घालताना दोरा जरा जास्त ओढला की कापड आकसतं आणि सरळ रांगा नागमोडी होतात. दोरा सैल सोडला तर गोधडी पोकळ राहते.

एवढा खटाटोप कशाला, कोडाचं चित्र भरतकामात काढलं असतं तर? काढता आलं असतं. पण न वाचता येणारा कोड म्हणजे नुसती नक्षी. प्रदर्शनांत जुने मदरबोर्ड, चार्जरच्या वायरी, सीडी कापडावर टाचलेल्या दिसतात, त्या मला म्हणूनच पटत नाहीत. भाष्य वर चिकटवलेलं असतं, टाक्यात उतरलेलं नसतं. मॅरिलू शुल्झ या नवाहो विणकर बाईंनी १९९४ मध्ये इंटेलसाठी पेंटियम चिपची रचना मागावर लोकरीत विणली. ती पाहिली की फरक कळतो. न्यू मेक्सिकोत शिपरॉकला फेअरचाइल्ड कंपनीचा कारखाना होता. तिथे चिपांवर काम करणाऱ्यांत बहुसंख्य नवाहो बायका होत्या, आणि १९६९ च्या पुस्तिकेत कंपनीनं चिपचं नातं त्यांच्या विणीशी जोडून दाखवलं. कौतुक विणीचं, गरज स्वस्त हातांची. १९७५ साली कारखाना बंद झाला. शुल्झबाईंनी चिपच मागावर घेतली. याला मी भाष्य म्हणते.

माझ्या गोधडीपुढे जो येतो तो आधी फोन काढतो, स्कॅन करतो, ‘नको’ वाचून हसतो आणि विचारतो, “काकू, कितीला देणार?”

उत्तर देत नाही. चिंता वेगळीच आहे. पूर्वी घरच्या बोचक्यात लुगडी, धोतरं निघायची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आता माझ्याकडे पोती भरून कपडे येतात, त्यांत मॅरेथॉनचे, कंपन्यांचे, प्रचाराचे टी-शर्ट. कित्येक एकदाच अंगाला लागलेले. हल्लीच्या साड्याही बहुतेक पॉलिस्टरच्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि चौकोन कापला की कडेनं दशा सुटत राहतात. तेव्हा कुणाच्या कपाटात सुती लुगडं, धोतर, पंचा पडून असेल तर ओळखीच्या गोधडीवालीला नेऊन द्या. विटलेलं असलं तरी चालेल, फक्त सुती बघून द्या.