बोलण्यामागचे लहान शब्द

'स्पीक', 'टॉक', 'से' व 'टेल' ही इंग्रजी क्रियापदे आमच्या विद्यार्थ्यांस आरंभापासूनच ठाऊक असतात. तथापि वह्या तपासताना असे दिसते की, चुका ह्या क्रियापदांत फारशा होत नसून त्यांच्यामागे येणाऱ्या चिमुकल्या अव्ययांत होतात.

मराठीत 'त्याने मला सांगितले' व 'तो मला म्हणाला' ह्या दोन्ही वाक्यांत 'ला' हाच प्रत्यय चालतो. इंग्रजीत मात्र ऐकणाऱ्याचा निर्देश करताना 'से'ला 'टू' हवा असतो, 'टेल'ला तो खपत नाही. म्हणूनच वहीत 'सेड मी' आणि 'टोल्ड टू मी' ही जोडी वारंवार अवतरते.

याहून अवघड प्रकार म्हणजे, अव्यय जोडताच अर्थ पालटतो. 'टॉक ओव्हर' म्हणजे एकत्र बसून विचारविनिमय करणे. 'टॉक इन्टू' म्हणजे बोलून एखाद्यास राजी करणे, तर 'टॉक आउट ऑफ' म्हणजे परावृत्त करणे. 'टेल ऑफ' म्हणजे खरडपट्टी काढणे आणि 'स्पीक आउट' म्हणजे निर्भयपणे मत मांडणे. क्रियापदांस अव्यये जोडण्याचा हा प्रकार परकीयांस अत्यंत कठीण जातो, असे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनी खचून जाऊ नये.

शिवाय ही किमया मराठीस अपरिचित नाही. गतवर्षी एक पालक मुलास घेऊन आले व म्हणाले, "सर, ह्याला चांगले बोला. इंग्रजीत गुण फार कमी आहेत." मुलगा मान खाली घालून उभा होता. उत्तर येत असूनही तो वर्गात तोंड उघडीत नसे. 'स्पीक अप' असे सांगितले की आवाज अधिकच खोल जाई. मी म्हटले, "त्याला बोलत नाही, त्याच्याशी बोलतो." दोन प्रत्ययांतील हे अंतर मुलास तत्काळ उमगले असावे, कारण त्याने प्रथमच वर पाहिले. चुकल्यास सारे हसतील, ही त्याची धास्ती त्या दिवशी मला कळली. आता तो चुकतो, परंतु बोलतो.

विद्यार्थ्यांनी असे क्रियापद एकटे पाठ न करता अव्ययासह संपूर्ण वाक्यात लिहावे व मोठ्याने वाचावे. पालकांस एवढीच विनंती की, प्रगतिपुस्तक हाती येताच मुलाला बोलण्यापूर्वी क्षणभर मुलाशी बोलावे.